'बिग ॲपल' हे नाव कोणाचे?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत न्यूयॉर्क शहराविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. तिथले पूल, भुयारी रेल्वे आणि ग्रंथालये यांची माहिती त्यात चांगली आली आहे. मात्र या शहराला 'बिग ॲपल', म्हणजे 'मोठे सफरचंद', का म्हणतात हे सांगताना लेखकाने जी हकीकत दिली आहे ती बनावट आहे. शिवाय तिच्यामुळे हे नाव ज्यांच्या तोंडून आले ती माणसे पुन्हा एकदा बाजूला पडली आहेत. या दुसऱ्या कारणासाठीच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

लेखात म्हटले आहे की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधून परागंदा होऊन आलेल्या ईव्ह नावाच्या एका खानदानी स्त्रीने न्यूयॉर्कमध्ये कुंटणखाना चालवला, तिच्याकडच्या मुलींना शहरातले रंगेल पुरुष 'ईव्हची सफरचंदे' म्हणू लागले आणि पुढे ते नाव शहरालाच चिकटले. ही कथा १९९५ साली इंटरनेटवर एका पानावर गंमत म्हणून रचून टाकलेली आहे. त्याआधीच्या छापील मजकुरात तिचा कुठेही मागमूस लागत नाही. बायबलमधली ईव्ह, सफरचंद, पाप आणि फ्रेंच सरदारघराणे हे सगळे एकाच कथेत इतके नेमके जुळून आलेले पाहूनच खरे तर शंका यायला हवी. पण नेमकी अशीच कथा लोकांना पुढे सांगावीशी वाटते, आणि गेली अनेक वर्षे ती पर्यटकांच्या माहितीपत्रकांतून, वाटाड्यांच्या तोंडून आणि आता मराठी पुरवणीतूनही फिरते आहे.

दुसरी एक समजूतही बरीच पसरलेली आहे आणि ती निदान खऱ्या इतिहासाला धरून आहे. १९२९ च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर, १९३० च्या शरद ऋतूत, सफरचंदांच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या संघटनेने बेकार झालेल्या लोकांना उधारीवर पेट्या द्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या पदपथांवर कोट घातलेली, काल-परवापर्यंत नोकरीत असलेली हजारो माणसे पाच सेंटला एक या दराने सफरचंदे विकत उभी राहिली. महामंदीची जी छायाचित्रे जगभर गेली त्यांत ही माणसे आहेत, त्यामुळे शहराच्या टोपणनावाशी त्यांचा संबंध जोडावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु 'बिग ॲपल' हे शब्द न्यूयॉर्क या अर्थाने त्याआधी नऊ वर्षे छापले गेले होते. न्यूयॉर्क राज्यात सफरचंदांचे पीक भरपूर येते म्हणून हे नाव पडले, असेही कोणी म्हणतात. त्यालाही आधार नाही.

आता प्रत्यक्ष पुराव्याकडे वळतो. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये 'मॉर्निंग टेलिग्राफ' नावाचे एक दैनिक निघत असे. घोड्यांच्या शर्यती आणि नाटके हे त्याचे खास विषय. जॉन जे. फिट्झ जेराल्ड हे त्या पत्राचे शर्यतींचे बातमीदार होते. ३ मे १९२१ च्या अंकात त्यांनी एका मालकाचे घोडे मेरीलँडमधल्या बोवी आणि हाव्र द ग्रेस इथल्या शर्यती आटोपून उद्या 'बिग ॲपल'कडे निघणार आहेत, अशी एक साधी बातमी दिली. त्या घोड्यांत टिपिटी विचेट हा त्या काळचा नावाजलेला घोडाही होता. न्यूयॉर्क या अर्थाने या शब्दांचा आजवर सापडलेला पहिला पक्का छापील वापर तो हाच. फिट्झ जेराल्ड यांनी तिथे शब्दांना अवतरणचिन्हे घातली आहेत. आपण दुसऱ्याच्या तोंडचा शब्द वापरतो आहोत, हे ती चिन्हेच सांगतात.

पुढे त्यांनी आपल्या सदरालाच 'अराउंड द बिग ॲपल' असे नाव दिले आणि १८ फेब्रुवारी १९२४ रोजी त्याचा अर्थ वाचकांना समजावून सांगितला. जातिवंत घोड्यावर मांड टाकलेल्या प्रत्येक पोराचे स्वप्न आणि घोड्यांच्या धंद्यातल्या प्रत्येकाचे अंतिम ठिकाण म्हणजे बिग ॲपल, आणि असे बिग ॲपल एकच आहे, ते म्हणजे न्यूयॉर्क, असा त्या मजकुराचा आशय आहे. त्याखालीच त्यांनी एक प्रसंग दिला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या फेअर ग्राउंड्स या रेसकोर्सवर शेजारशेजारच्या दोन तबेल्यांतले दोन कृष्णवर्णीय मोतद्दार मेहनत करून तापलेल्या घोड्यांना गोल फिरवत थंड करत होते आणि सहज गप्पा मारत होते. एकाने विचारले, इथून पुढे कुठे जाणार? दुसरा मोठ्या ऐटीत म्हणाला, इथून आम्ही बिग ॲपलला चाललो. त्यावर पहिल्याने लगेच सुनावले की, मग या हाडकुळ्यांना आधी नीट खाऊपिऊ घाल, नाहीतर त्या सफरचंदाचा तुमच्या वाट्याला नुसता बियांचा गाभा येईल.

फिट्झ जेराल्ड यांनी हीच गोष्ट १ डिसेंबर १९२६ रोजी पुन्हा सांगितली. या शब्दांचा उगम काय, असे इतके लोक विचारत आहेत की पुन्हा खुलासा करणे भाग आहे, अशी त्यांनी सुरुवात केली. या वेळी तपशील थोडे वेगळे आहेत. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याबरोबर आपण स्वतः फेअर ग्राउंड्सवर काही घोडे पळवत होतो, तेव्हा हे संभाषण कानांवर पडले, असे ते म्हणतात. मोतद्दार या वेळी सांगतो की, आमचा तबेला काही लहानसहान मैदानांवर फिरणारा नव्हे, आम्ही बिग ॲपलला चाललो. त्याला मिळणारे उत्तरही बदलले आहे: असली घोडी घेऊन त्या सफरचंदाकडे जाऊन करणार काय, हाती लागेल ती नुसती साल.

एकदा गाभा आणि एकदा साल, हा फरक काही जणांना खटकतो. मला मात्र त्यामुळे या हकिकतीवरचा विश्वास वाढल्यासारखा वाटतो. खरोखर ऐकलेले बोलणे माणूस पावणेतीन वर्षांनी पुन्हा सांगतो तेव्हा ते असेच थोडे सरकते. मनाने रचलेली गोष्ट मात्र तो बहुधा पहिल्याच शब्दांत सांगतो. शिवाय जे महत्त्वाचे आहे ते दोन्ही वेळा तेच आहे. गाव न्यू ऑर्लिन्स, मैदान फेअर ग्राउंड्स, बोलणारे मोतद्दार, आणि नाव आपण शोधलेले नसून त्यांच्याकडून घेतले, अशी बातमीदाराची कबुली. प्रसिद्धीच्या धंद्यातला माणूस आपल्या सदराच्या नावाचे श्रेय तबेल्यातल्या नोकरांना दोनदा छापून देतो, आणि तेही ज्या काळात त्या नोकरांना शहराच्या बसमध्ये मागे बसवले जाई त्या काळात, हे मला फार मोलाचे वाटते.

हा पुरावा कसा हाती आला तेही सांगायला हवे, कारण तो काही सहजासहजी सापडलेला नाही. मिसुरी राज्यातल्या रोला इथल्या विद्यापीठातले प्राध्यापक जेराल्ड कोहेन यांनी या नावाच्या उगमावर १९९१ साली एक स्वतंत्र प्रबंधिका प्रसिद्ध केली. बॅरी पॉपिक हे न्यूयॉर्कमध्ये गाड्यांच्या पार्किंगच्या दंडाविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे न्यायाधिकारी. ते फावल्या वेळात जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म पाहत असत, आणि 'मॉर्निंग टेलिग्राफ'मधले वरील मजकूर त्यांनीच शोधून काढले. जुनी वर्तमानपत्रे संगणकावर शब्द टाकून शोधता येण्याच्या आधीचे हे दिवस होते. फिल्मचे एकेक रीळ डोळ्यांखालून घालणे हाच मार्ग होता. शिकागोला 'विंडी सिटी' हे नाव न्यूयॉर्कच्या चार्ल्स डेना या संपादकाने १८९० च्या सुमारास, जागतिक प्रदर्शन कोणत्या शहरात भरवायचे या भांडणात, तिथल्या बढाईखोरांना हिणवण्यासाठी दिले, ही आख्यायिकाही अशाच शोधांमुळे मागे पडली. ते नाव सिनसिनाटीच्या वर्तमानपत्रांत १८७६ मध्येच छापलेले सापडते. टोपणनावांच्या बाबतीत आख्यायिका खोडून काढायला जुन्या अंकावरची तारीख पुरते.

न्याय्य बोलायचे तर १९२१ च्या आधीचाही एक उल्लेख आहे आणि काही कोशांनी तो पहिला म्हणून नोंदवला आहे. १९०९ साली न्यूयॉर्कविषयीच्या एका संकलनाच्या प्रस्तावनेत एडवर्ड मार्टिन यांनी देशाला एका झाडाची उपमा दिली. त्या झाडाची मुळे मिसिसिपीच्या खोऱ्यात, फांद्या दोन्ही महासागरांपर्यंत, आणि न्यूयॉर्क हे त्याचे एक फळ. या मोठ्या सफरचंदाने देशाच्या रसातला वाजवीपेक्षा जास्त वाटा ओढून घेतला आहे, असे झाडाला वाटते, असे त्यांनी लिहिले. हे वाक्य मोठे सूचक आहे. पण तिथे सफरचंद आले ते झाड आले म्हणून. त्या लेखाबाहेर कोणी न्यूयॉर्कला त्यामुळे बिग ॲपल म्हणू लागल्याचे दिसत नाही. नाव म्हणजे जे कोणी उपमा न समजावता वापरते आणि ऐकणाऱ्याला कळते ते, आणि तसा वापर पहिल्यांदा दिसतो तो घोड्यांच्या जगात.

त्या जगात न्यूयॉर्कला इतका मान का होता हे कळल्याशिवाय मोतद्दाराच्या त्या ऐटीचा अर्थ लागत नाही. १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने शर्यतींवरच्या पैजांना बंदी करणारा कायदा केला. त्यामुळे १९११ आणि १९१२ ही दोन वर्षे तिथली मैदाने बंदच राहिली. अनेक मालकांनी घोडे युरोपात पाठवले, कितीतरी मैदाने पुन्हा उघडलीच नाहीत. १९१३ नंतर शर्यती सुरू झाल्या आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांना भर आला. बेलमाँट पार्क, अक्विडक्ट, जमेका, एम्पायर सिटी ही मैदाने शहरात आणि त्याच्या वेशीवर होती, सर्वांत मोठी बक्षिसे तिथे होती, आणि पैसेवाली जुनी घराणीही तिथेच होती. १९२० साली मॅन ओ' वॉर या घोड्याने बेलमाँटची शर्यत घोड्याच्या २० लांबींइतक्या अंतराने जिंकली तेव्हा तर अख्ख्या देशाचे लक्ष या मैदानांकडे लागले. हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्सला, वसंतात मेरीलँडला, आणि घोड्यात दम असेल तर तिथून न्यूयॉर्कला, अशी तबेल्यांची वाटचाल असे. दम नसेल तर आखूड वळणांच्या, अर्ध्या मैलाच्या गावठी मैदानांवर फिरत राहायचे. त्या काळी मोठे लाल सफरचंद ही माणसाला आणि घोड्यालाही खास मेजवानी होती, आणि घोड्याला हातावर सफरचंद धरणाऱ्या माणसाला सर्वांत मोठ्या बक्षिसासाठी तोच शब्द सुचावा, हे अगदी सरळ आहे.

आता मोतद्दारांविषयी. ही माणसे तबेल्यात झाडलोट करणारी, घोडा फिरवणारी, खरारा करणारी नोकरमाणसे होती, आणि ती तिथेच का होती हे अमेरिकन शर्यतींच्या इतिहासातले फार दुःखद प्रकरण आहे. १८७५ मध्ये केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते आणि जिंकणारा ऑलिव्हर लुईसही कृष्णवर्णीयच होता. आयझॅक मर्फी यांनी ती शर्यत १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा जिंकली. जिमी विंकफील्ड यांनी १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षे. गुलामगिरीच्या काळापासून दक्षिणेतले घोडे हीच माणसे सांभाळत आली होती, त्यामुळे घोड्याची पारख त्यांच्या घराण्यांतून चालत आली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोऱ्या जॉकींनी धावत्या शर्यतीत त्यांना दाबणे, कठड्याशी चेपणे सुरू केले, मालकांनी त्यांना घोडे देणे बंद केले, आणि विंकफील्डसारख्याला रशियात जाऊन घोडे पळवावे लागले. फिट्झ जेराल्ड यांनी 'बिग ॲपल' हे शब्द पहिल्यांदा छापले त्याच आठवड्यात, ७ मे १९२१ रोजी, हेन्री किंग हा कृष्णवर्णीय जॉकी केंटकी डर्बीत उतरला. त्यानंतर थेट २००० सालापर्यंत त्या शर्यतीत एकही कृष्णवर्णीय जॉकी दिसला नाही.

या पार्श्वभूमीवर 'इथून आम्ही बिग ॲपलला चाललो' हे वाक्य वाचावे. ज्याच्या वडिलांच्या पिढीतली माणसे घोड्यावर बसून देशातल्या सर्वांत मोठ्या शर्यती जिंकत होती, तो आता त्याच घोड्याचा लगाम धरून त्याला गोल फिरवतो आहे, आणि तरीही आपल्या तबेल्याचा घोडा न्यूयॉर्कला चालला याचा त्याला अभिमान आहे. फिट्झ जेराल्ड यांनी तो अभिमान टिपला, एवढे त्यांचे ऋण मानायलाच हवे. नावे मात्र त्यांनी विचारली नाहीत, किंवा विचारली असतील तर छापली नाहीत.

घोड्यांच्या जगाबाहेर हे नाव गेले ते संगीतामुळे. १९३० च्या दशकात जॅझ वाजवणारे वादक न्यूयॉर्कला, विशेषतः तिथल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला, नुसते 'ॲपल' म्हणत. बँडप्रमुख कॅब कॅलोवे यांनी १९३८ मध्ये वादकांच्या बोलीची जी शब्दावली काढली तिच्यात या शब्दाचा अर्थ 'मोठे शहर, हार्लेम' असा दिला आहे. गावोगावच्या छोट्या कार्यक्रमांवर पोट भरणाऱ्या वादकाला हार्लेममध्ये वाजवायला मिळणे म्हणजे तबेल्याला बेलमाँटवर घोडा उतरवायला मिळण्यासारखेच होते, त्यामुळे शब्दाचा अर्थही जसाच्या तसा राहिला.

त्याच सुमारास दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया या गावी एका जुन्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) इमारतीत कृष्णवर्णीयांचा 'बिग ॲपल' नावाचा क्लब चालत असे. तिथे एक गोलाकार समूहनृत्य रंगे. गोरे विद्यार्थी वरच्या सज्जात बसून ते पाहत आणि शिकत. १९३७ मध्ये यांतल्याच काही गोऱ्या तरुणांना न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरने बोलावले, आणि काही महिन्यांत 'बिग ॲपल' या नृत्याचे वेड देशभर पसरले. खाली सभागृहात ते ज्यांनी बसवले त्यांना रॉक्सीचे निमंत्रण गेले नाही. न्यू ऑर्लिन्सच्या तबेल्यात जे घडले त्याचीच ही दुसरी आवृत्ती आहे, आणि म्हणूनच मला तिचा उल्लेख टाळता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे नाव हळूहळू मागे पडले. १९६० च्या दशकात ते जुन्या जॅझप्रेमींच्या आणि शर्यतींच्या शौकिनांच्या तोंडीच काय ते उरले होते. त्या काळात शहराला दुसरेच एक नाव पडले. जॉन लिंडसे यांनी १ जानेवारी १९६६ रोजी महापौरपद स्वीकारले त्याच दिवशी बस आणि भुयारी रेल्वेचा संप सुरू झाला. तरीही हे मौजेचे शहर आहे, असे लिंडसे म्हणाले. डिक शाप या पत्रकाराने ते शब्द उचलले आणि 'फन सिटी' हे नाव शहराच्या प्रत्येक गैरसोयीवर टोमणा म्हणून वापरात आले. महापौराने कौतुकाने दिलेले नाव लोकांनी असे उलटवले. त्याउलट वॉशिंग्टन अर्विंग यांनी १८०७ मध्ये न्यूयॉर्ककरांची टर उडवण्यासाठी मूर्खांच्या एका इंग्रजी गावाचे 'गॉथम' हे नाव शहराला दिले, ते मात्र पुढे लोकांनी कौतुकाने स्वीकारले. टोपणनावांचे असे होते. ते कोणत्या सुरात म्हटले जाईल हे नाव देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

'बिग ॲपल'ला पुन्हा वर आणले ते शहराच्या पर्यटन मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स जिलेट यांनी. ते जॅझचे शौकीन होते, आणि १९३० च्या दशकातले हे नाव त्यांच्या लक्षात होते. गुन्हेगारी, कचरा, संप आणि रिकामी तिजोरी यांमुळे बदनाम झालेल्या शहरासाठी त्यांनी १९७१ मध्ये लाल सफरचंदाचे चिन्ह घेऊन मोहीम सुरू केली. कोटावर लावायचे बिल्ले आणि चिकटपट्ट्या वाटल्या गेल्या, आणि सफरचंद घराघरांत पोहोचले. काळ फार कठीण होता. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर उभे होते. नोकरकपातीला विरोध म्हणून पोलिसांच्या संघटनांनी छापलेल्या पत्रकावर 'भयनगरीत स्वागत असो' असे शब्द आणि कवटीचे चित्र होते. अशा वेळी विद्रूप न होता टिकून राहिलेले टोपणनाव हेच होते. १९७७ पासून गाजलेले लाल बदामाचे 'आय लव्ह न्यूयॉर्क' हे चिन्ह राज्य सरकारच्या वेगळ्या मोहिमेतले आहे. आपल्या लेखात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे, तीही दुरुस्त व्हावी. जाता जाता नोंदवतो की, ज्या 'मॉर्निंग टेलिग्राफ'ने हे नाव पहिल्यांदा छापले ते दैनिक १९७२ मध्ये, म्हणजे मोहीम सुरू झाल्यावर वर्षभरातच, बंद पडले. आपल्या पानांतून उचललेला शब्द शहराच्या छातीवर मिरवतो आहे, याची त्या पत्रालाही बहुधा दखल नव्हती.

उगम शोधून काढल्यानंतर पॉपिक यांनी शहराच्या मागे लागून फिट्झ जेराल्ड यांचे स्मरण राहील अशी व्यवस्था करवून घेतली. ब्रॉडवे आणि पश्चिम ५४ वा रस्ता जिथे मिळतात तिथे फिट्झ जेराल्ड १९३४ पासून १९६३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, राहत होते. त्या चौकाच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्याला १९९७ मध्ये 'बिग ॲपल कॉर्नर' असे नाव देण्याच्या कायद्यावर महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी सही केली. बातमीदाराच्या बाबतीत हे योग्यच झाले. पण स्वतः फिट्झ जेराल्ड यांनी ज्यांच्याकडे बोट दाखवले त्यांचा त्या कोपऱ्याच्या नावात मागमूस नाही. त्यांची नावे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही, हे खरे. तरीही 'न्यू ऑर्लिन्सच्या दोन कृष्णवर्णीय मोतद्दारांकडून' एवढे शब्द लिहायला नावे माहीत असावी लागत नाहीत. टोपणनावाची माहिती देणाऱ्या प्रत्येक लेखात ते यायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईव्हच्या कुंटणखान्याची कथा मला केवळ खोटी म्हणून नव्हे, तर यासाठी अधिक सलते. खऱ्या हकिकतीत कष्टकरी माणसे आहेत, त्यांचा विनोद आहे, त्यांची महत्त्वाकांक्षा आहे, आणि त्यांच्या तोंडचा शब्द जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शहराला मिळाला आहे. तिच्या जागी कोणीतरी चावट गंमत ठेवली आणि आपण ती खरी हकीकत समजून छापली. मराठी वाचकाला हे शहर इंग्रजी पुस्तके आणि चित्रपटांतून आधीच पुष्कळ ठाऊक आहे. निदान मराठीत नव्याने लिहिताना तरी अमेरिकेतल्या कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात तपासता येणारी गोष्ट आपण तपासून घ्यावी.

आपणास विनंती आहे की, येत्या रविवारच्या पुरवणीत या मजकुराची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, आणि ती आतल्या पानावर दोन ओळींत न उरकता मूळ लेख ज्या पानावर आला त्याच पानावर द्यावी. लेख आपल्या संकेतस्थळावरही आहे, तिथला मजकूरही बदलावा, कारण पुढचा लेखक बहुधा तिथूनच उचलेल. शक्य झाल्यास १८ फेब्रुवारी १९२४ चा फिट्झ जेराल्ड यांचा तो छोटा उतारा मराठीत करून दुरुस्तीसोबत छापावा. तो चार-पाच वाक्यांचाच आहे, आणि मोतद्दारांचे बोलणे त्यात जसेच्या तसे आहे.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक